स्पीकरमधली खरखर कुठून आली? घरातल्या कॉम्प्युटरच्या नकोशा आवाजांचा छोटा इतिहास

स्पीकरमधून नको तो आवाज यायला लागला की आपल्याकडे उपाय ठरलेले असतात. पिन जरा फिरवून बघायची, वायर हलवायची, कॉम्प्युटर बंद करून परत चालू करायचा, आणि काहीच जमलं नाही तर ‘स्पीकर गेला’ म्हणून मोकळं व्हायचं. आवाज थांबतोही बऱ्याचदा. पण का थांबला हे कळत नाही, आणि चार दिवसांनी तो परत येतो.

गाणी ऐकण्यापुरतं हे ठीक आहे. पण तुम्ही पीएच.डी.च्या तयारीत आहात. उद्या मौखिक इतिहासाच्या मुलाखती रेकॉर्ड कराल, कुणाच्या कपाटातल्या जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवाल, त्यावरून लिप्यंतर कराल आणि मग प्रबंधात लिहाल, ‘अमुक व्यक्ती असं म्हणाली’. तेव्हा ध्वनिफीत हे तुमचं साधन असेल. आणि साधनात जे काही आहे, नकोसा आवाज धरून, त्याचा जाब तुम्हालाच द्यावा लागेल.

म्हणून या लेखात एक वेगळा प्रयत्न करू. कॉम्प्युटरच्या स्पीकरमधले विचित्र आवाज आपण बिघाड म्हणून न बघता कागदपत्र म्हणून बघू. गंमत अशी की यातल्या जवळजवळ प्रत्येक आवाजाला जन्मतारीख आहे. तो कुठल्या तरी काळात, कुणीतरी घेतलेल्या निर्णयातून आला आहे. तो निर्णय कळला की आवाज ओळखता येतो, आणि आवाज ओळखता आला की दुरुस्ती बहुतेक वेळा दोन मिनिटांची असते.

बीप: जेव्हा आवाज हीच तक्रार होती

आयबीएमचा पहिला पर्सनल कॉम्प्युटर ऑगस्ट १९८१ मध्ये आला. त्याच्या पेटीत एक छोटा स्पीकर होता. त्याला फक्त दोन अवस्था माहीत होत्या: पडदा पुढे किंवा पडदा मागे. एक टायमर चिप ठरावीक वेगाने हे चालू-बंद करायची आणि आपल्याला ‘बीप’ ऐकू यायचा.

पण हा बीप अर्थपूर्ण होता. कॉम्प्युटर सुरू होताना स्वतःची तपासणी करायचा. सगळं ठीक असेल तर एक छोटा बीप. एक लांब आणि दोन छोटे आले तर पडद्याच्या, म्हणजे डिस्प्लेच्या कार्डात गडबड. स्क्रीनच चालत नसेल तर चूक सांगणार कशावर? म्हणून ती कानावर घातली जायची.

इथे पहिली गोष्ट टिपून ठेवा. या बीपचं काम होतं निदानाचं. पुढे हे नातं उलटलं. आवाज हे कॉम्प्युटरचं मुख्य काम झालं आणि निदान करायची वेळ आपल्यावर आली.

अडकलेली तबकडी: साउंड कार्डाचा काळ

१९८७ मध्ये कॅनडातल्या ॲडलिब कंपनीचं संगीत वाजवणारं कार्ड आलं, आणि १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्हचं साउंड ब्लास्टर. साउंड ब्लास्टरची खासियत ही की ते फक्त सूर नाही, रेकॉर्ड केलेला माणसाचा आवाजही वाजवू शकायचं.

याच कार्डाबरोबर एक नवीन तक्रार आली. गेम सुरू केला की एकच तुकडा वाजून आवाज बंद पडायचा, किंवा तोच तुकडा अडकलेल्या तबकडीसारखा परत परत वाजत राहायचा. लोकांना वाटायचं कार्ड खराब आहे. कार्ड बहुतेक वेळा चांगलंच असायचं.

काय होत होतं ते बघा. कार्ड आवाजाचा एक छोटा तुकडा मेमरीतून उचलून वाजवतं. तुकडा संपत आला की ते प्रोसेसरला हाक मारतं: ‘पुढचा दे’. या हाकेला इंटरप्ट म्हणतात आणि प्रत्येक हाकेला एक क्रमांक असतो. सुरुवातीच्या साउंड ब्लास्टरचा नेहमीचा क्रमांक होता ७. पण ७ हा क्रमांक पहिल्या प्रिंटर पोर्टलाही दिलेला होता. एकाच नावाची दोन पोरं वर्गात असावीत तसं. हाक नीट पोहोचली नाही की पुढचा तुकडा येत नाही, आणि आवाज अडकतो. मग लोक कार्ड उघडून त्यावरची जंपरची छोटी टोपी एका काट्यावरून दुसऱ्यावर सरकवायचे. पुढे १९९२ च्या साउंड ब्लास्टर १६ चा नेहमीचा क्रमांक ५ झाला. विंडोज ९५ नंतर हे क्रमांक वाटायचं काम हळूहळू कॉम्प्युटर स्वतःच करू लागला.

आता जंपर गेले, पण तत्त्व तेच आहे. आजही तुमचा ऑडिओ तुकड्या-तुकड्यांनीच वाजतो. सेकंदाला ४८,००० नमुने असतील तर १० मिलिसेकंदांचा तुकडा म्हणजे ४८० नमुने. वाय-फायच्या किंवा ग्राफिक्सच्या एखाद्या ड्रायव्हरने प्रोसेसर त्याहून जास्त वेळ अडवून धरला, तर तुकडा संपतो, पुढचा आलेला नसतो, आणि तुम्हाला ‘टक्’ असा फटका ऐकू येतो. म्हणजे अधूनमधून टकटक येत असेल, आणि ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडले की वाढत असेल, तर वायर हलवून उपयोग नाही. दोष वायरीत नाही, वेळेत आहे. वाय-फाय बंद करून बघा, ड्रायव्हर नवीन टाका, रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बफर मोठा करा.

माउस हलवला की किरकिर

१९९७ मध्ये इंटेलने एसी ९७ नावाचं मानक आणलं. त्यामुळे वेगळं कार्ड न घेता आवाजाची चिप मदरबोर्डवरच बसवणं स्वस्त आणि सोपं झालं. घरोघरच्या कॉम्प्युटरमध्ये आवाज पोहोचला तो मोठ्या प्रमाणात यामुळे.

पण स्वस्ताईची किंमत होती. आवाजाचा नाजूक ॲनालॉग भाग आता प्रोसेसर, हार्ड डिस्क आणि पॉवर सप्लाय यांच्या शेजारी राहायला आला. चाळीत भिंती पातळ असल्या की शेजारच्या घरातलं सगळं ऐकू येतं, तसंच हे. माउस हलवला की किरकिर, पान वरखाली सरकवलं की बारीक शिट्टी, फाइल कॉपी होताना चरचर.

या आवाजाची खूण सोपी आहे: तो तुमच्या हाताबरोबर चालतो. तसं होत असेल तर कॉम्प्युटरच्या पेटीबाहेर असलेलं साधं यूएसबी साउंड कार्ड लावून बघा. पेटीच्या पुढच्या बाजूची पिन सोडून मागची हिरवी पिन वापरून बघा. पुढच्या पिनेपर्यंत जाणारी वायर पेटीच्या पोटातून, सगळ्या गोंगाटातून जाते.

टडक-टडक: फोनचा पायरव

हा आवाज तुमच्यापैकी थोड्या मोठ्यांना नक्की आठवेल. स्पीकरशेजारी मोबाइल ठेवलेला, आणि रिंग वाजायच्या क्षणभर आधी स्पीकरमधून ‘टडक-टडक-टडक’.

भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला, कलकत्त्याहून दिल्लीला. त्यामागचं तंत्र होतं जीएसएम. त्यात एकाच चॅनलवर आठ फोन पाळीपाळीने बोलतात. तुमच्या फोनची पाळी दर ४.६१५ मिलिसेकंदांनी येते, म्हणजे सेकंदाला सुमारे २१७ वेळा. प्रत्येक पाळीला फोन जोरात लहरी सोडतो आणि मग गप्प बसतो. स्पीकरची वायर नकळत अँटेनाचं काम करते, आतला ॲम्प्लिफायर त्या लहरींची उघडझाप पकडतो, आणि २१७ हर्ट्झचा गुरगुराट ऐकू येतो. पुढच्या थ्रीजी फोनमध्ये लहरी अशा तुटक न जाता सलग जाऊ लागल्या, म्हणून हा आवाज कमी झाला.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात काय मिळतं? समजा, तुमच्या हाती तारीख नसलेली एक मुलाखत आली आणि तिच्यात हा टडक-टडक आहे. म्हणजे ती जीएसएम येण्याआधीची असूच शकत नाही. मुलाखत देणारा माणूस तारीख विसरला असेल, पण खरखर विसरलेली नाही. अर्थात इथे एक सावधगिरी हवी: तो आवाज मूळ मुलाखतीच्या वेळचा आहे, की पुढे कॅसेटवरून कॉम्प्युटरवर उतरवताना शेजारी फोन होता? मोडी कागदाबाबतही आपण हेच विचारतो: ही शाई मूळ लेखनाची की नकलेची?

घूं: विजेच्या जाळ्याचा हस्ताक्षर-नमुना

सगळ्यांत जास्त आढळणारा आवाज म्हणजे सतत चालणारी घूं. भारतात घरातली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ही घूं ५० किंवा तिच्या दुपटीत, १०० हर्ट्झवर येते. पेटी वाजवणाऱ्यांनी पडताळून बघावं: १०० हर्ट्झ म्हणजे खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचच्या किंचित वर. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिथली घूं १२० वर. शंभरला षड्ज मानलं तर एकशेवीस म्हणजे नेमका कोमल गंधार. म्हणजे फितीचा वेग बरोबर असेल, तर ती भारतात रेकॉर्ड झाली की अमेरिकेत, हे तयार कानाला बोलण्याआधीच्या शांततेतून सांगता येईल. जपानमध्ये तर एकाच देशात दोन्ही आहेत. टोकियोने सुरुवातीला जर्मन यंत्रं घेतली, ओसाकाने अमेरिकन, आणि पूर्वेला ५०, पश्चिमेला ६० ही वाटणी आजतागायत टिकून आहे.

आणखी एक पाऊल पुढे जाऊ. ५० हर्ट्झ हा आकडा कधीच अगदी ५० नसतो. मागणी वाढली की किंचित खाली, कमी झाली की किंचित वर. आणि एका जाळ्याला जोडलेल्या सगळ्या ठिकाणी हे चढउतार एकसारखे होतात. आपल्याकडे दक्षिणेचं जाळं बराच काळ वेगळं होतं. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि देशाचं जाळं एका लयीत आलं. तेव्हापासून पुण्यातली घूं आणि चेन्नईतली घूं एकत्र वरखाली होतात. न्यायवैद्यक तज्ज्ञ हीच गोष्ट वापरतात: रेकॉर्डिंगमधल्या घूंचे चढउतार विजेच्या नोंदींशी जुळवून ते कधीचं आहे आणि मध्ये कुठे कापलं आहे का, हे तपासतात. तुम्ही ज्याला कचरा म्हणून पुसून टाकणार होता, तो तारखेचा शिक्का असू शकतो.

घरी ही घूं कशी शोधायची? क्रमाने, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून.

१. स्पीकर चालू ठेवून त्याची ऑडिओ वायर स्पीकरच्या मागूनच काढा. घूं राहिली तर दोष स्पीकरच्या आत आहे, बहुधा जुन्या झालेल्या कपॅसिटरमध्ये.
२. गेली, तर वायर परत लावा आणि लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. आता घूं गेली तर चार्जर किंवा अर्थिंगचा मामला आहे.
३. कॉम्प्युटरला टीव्ही, केबल किंवा प्रोजेक्टर जोडलेला असेल तर ती वायर काढा. दोन उपकरणं दोन वेगळ्या वाटांनी जमिनीला जोडली गेली की त्या फेऱ्यात घूं शिरते.
४. सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावून बघा. तरीही राहिली तर ऑडिओच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका: अर्थिंगची पिन तोडणं. घूं जाईलही, पण ती पिन जीव वाचवण्यासाठी असते.

स्स्स्: जो जाणार नाही

वरचे सगळे उपाय करूनही आवाज पूर्ण वाढवला की एक मंद ‘स्स्स्’ उरतोच. त्याचा शोध बेल लॅबमध्ये जॉन जॉन्सन यांनी घेतला आणि हॅरी नायक्विस्ट यांनी त्याचं गणित मांडलं. दोघांचे लेख १९२८ मध्ये छापून आले. वाहकातले इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत हलत असतात, त्या हालचालीचाच हा आवाज. रोध आणि तापमान वाढलं की तो वाढतो. कुठलीही महागडी वायर घेतली तरी तो शून्य होत नाही.

हे कळणं संशोधकासाठी फार मोलाचं आहे. काही दोष दुरुस्त होतात, काहींच्या मर्यादेत राहूनच काम करावं लागतं. कुठला कुठल्या प्रकारचा हे न कळल्यामुळे माणसं महिनेच्या महिने घालवतात.

आवाजच बदलला: ४४,१०० आणि ४८,०००

कधी खरखर नसते, पण बोलणारा घाईत आणि पातळ आवाजात बोलतो. याचं मूळ दोन आकड्यांत आहे. सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने ठरले. इतका विचित्र आकडा का? तेव्हा डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवत. प्रत्येक ओळीत ३ नमुने, २४५ ओळी, सेकंदाला ६० क्षेत्रं: गुणाकार करा, ४४,१०० येतात. ५० क्षेत्रांच्या युरोपीय पद्धतीत २९४ ओळी घेतल्या तरी तेच. व्हिडिओच्या जगात मात्र ४८,००० रूढ झाले.

४४,१०० ची फाइल ४८,००० समजून वाजवली गेली तर ती जवळजवळ नऊ टक्के वेगाने धावते. तासाभराची मुलाखत ५५ मिनिटांत संपते आणि आवाज दीड अर्धस्वर वर चढतो. सत्तरीच्या बाई पन्नाशीच्या वाटतात. ‘त्या उत्साहाने सांगत होत्या’ असं तुम्ही टिपणात लिहाल, आणि तो उत्साह सेटिंगचा असेल.

पुसलेल्या साडेअठरा मिनिटांची गोष्ट

आता या सगळ्याचं मोल दाखवणारा एक प्रसंग. वॉटरगेटमधली घुसखोरी १७ जून १९७२ ची. त्यानंतर तीनच दिवसांनी, २० जूनला, राष्ट्राध्यक्ष निक्सन आणि त्यांचे सहकारी हाल्डमन यांचं बोलणं टेप झालं. न्यायालयाने टेप मागवल्या तेव्हा या संभाषणात साडेअठरा मिनिटं शब्दच नव्हते. होती ती फक्त घूं. निक्सन यांच्या सचिव रोझ मेरी वुड्स म्हणाल्या की फोन घेताना आपल्याकडून चुकून सुमारे पाच मिनिटांचा भाग पुसला गेला असावा.

न्यायाधीश सिरिका यांच्यापुढे सहा तज्ज्ञांची समिती काम करत होती. त्यांनी शब्दांच्या मागे न लागता घूं तपासली. ती कुठे बदलते, कुठे तुटते, आणि टेपवर यंत्राच्या हेडच्या चुंबकीय खुणा कुठे उमटल्या आहेत, हे पाहिलं. १९७४ मध्ये त्यांनी निष्कर्ष दिला: पुसणं एका दमात झालेलं नाही. उहेर ५००० प्रकारच्या यंत्रावर निदान पाच वेळा वेगवेगळी बटणं दाबून ते झालं आहे. बटणं कुणी दाबली हे घूंने सांगितलं नाही. शब्दही परत मिळाले नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने पुढे प्रयोग करून पाहिले आणि २००३ मध्ये सध्या ते शक्य नाही असं सांगून मूळ टेप जपून ठेवली. पण एका अपघाताने सगळं झालं, हे म्हणणं टिकलं नाही.

विचार करा, त्या टेपची कुणी आधीच ‘साफसफाई’ करून घूं काढून टाकली असती तर?

मग तुम्ही काय करायचं?

राजवाड्यांपासून आपल्याकडे अस्सल कागदाचा आग्रह आहे. नक्कल कितीही सुवाच्य असली तरी अस्सल कागदाची जागा ती घेत नाही. ध्वनीलाही हाच नियम लावा. मूळ फाइलला हात लावायचा नाही. घूं, खरखर, जे आहे ते त्यात राहू द्या. आवाज कमी करायचा असेल तर प्रतीवर, आणि काय केलं ते वहीत लिहून.

मराठीसाठी तर हे जास्तच खरं. ‘ताट’ आणि ‘थाट’ यांतला फरक म्हणजे श्वासाचा एक छोटा झोत. ‘स’ आणि ‘श’ तर बोलून-चालून सळसळच आहेत. गोंगाट काढणाऱ्या सॉफ्टवेअरच्या लेखी श्वास आणि सळसळ दोन्ही कचऱ्यातच जमा होऊ शकतात. साफ केलेल्या प्रतीवरून लिप्यंतर केलंत, तर एखादा महाप्राण गळेल आणि तुमच्या लक्षातही येणार नाही. विशेषतः बोलीचा अभ्यास करणाऱ्यांनी शंका आली की मूळ फाइल ऐकावी.

मुलाखतीला बसण्याआधी तीस सेकंद कुणीही न बोलता खोलीची शांतता रेकॉर्ड करा. तारीख, गाव, यंत्र, नमुन्यांचा वेग आणि लॅपटॉप चार्जरवर होता की बॅटरीवर, एवढं एका ओळीत टिपा. हेडफोन लावून ती तीस सेकंदं तिथेच ऐका. काही खटकलं तर वरच्या क्रमाने एकेक गोष्ट बदला, आणि प्रत्येक बदलाला काय झालं ते लिहा, ‘काही फरक नाही’ हेसुद्धा. तपासात नकारही पुरावाच असतो: चार्जर काढून फरक पडला नाही म्हणजे एक संशयित सुटला.

खरखर आली म्हणजे काम अडलं असं समजू नका. कान देऊन तिचा माग काढलात तर बिघाड कुठे आहे ते कळेल, आणि पुढे कधी तुमच्या साधनाबद्दल कुणी शंका घेतली तर दाखवायला तुमच्याकडे मूळ फाइल आणि वहीतली नोंद असेल.